प्रात्यक्षिकाचे गुण वाटू नका, प्रयोगशाळा चालू करा : शालेय शिक्षण विभागास व राज्य मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे

विषय : माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांतील रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची दुरवस्था

महोदय,

मी सोलापूर जिल्ह्यातील एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. त्याआधी बरीच वर्षे माध्यमिक विभागात नववी-दहावीला विज्ञान शिकवत होते. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बहिःस्थ परीक्षक म्हणून इतर केंद्रांवर जाण्याचे काम माझ्याकडे नेहमी येते, त्यामुळे केवळ माझ्या शाळेची नव्हे, तर आसपासच्या अनेक शाळांच्या प्रयोगशाळा मी आतून पाहिल्या आहेत. हे निवेदन आपल्या कार्यालयात देऊन पोच घेता आली असती. परंतु हा प्रश्न ज्यांच्या मुलांचा आहे त्या पालकांपर्यंतही तो पोहोचावा, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

माझे म्हणणे असे आहे की, मी पाहिलेल्या बहुतेक शाळांत रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक आता केवळ गुणपत्रिकेत उरले आहे. दहावीला विज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० आणि बारावीला रसायनशास्त्राच्या १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकासाठी ठेवलेले आहेत. विद्यार्थ्याने प्रयोग केला की नाही, याचा या गुणांशी फारसा संबंध राहिलेला नाही. ते जवळपास सर्वांना आणि जवळपास पूर्ण मिळतात. गुण मिळणारच असतील तर प्रयोगशाळेवर पैसा, माणूस आणि वेळ का खर्च करायचा, असा हिशेब संस्थाचालकांपासून पालकांपर्यंत सर्वांनी मनातल्या मनात मांडलेला आहे. तो मांडण्याची सोय विभागाने आणि मंडळाने करून दिलेली आहे, आणि त्याची किंमत मात्र मुले मोजत आहेत.

प्रयोग न केल्याने मुलांचे नेमके काय बुडते, ते एका उदाहरणाने सांगते. बारावीला पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांचे अनुमापन (टायट्रेशन), म्हणजे एका द्रावणाच्या मदतीने दुसऱ्याची संहती मोजण्याचा प्रयोग, असते. शंकुपात्रात पिपेटने मोजून घेतलेले ऑक्झॅलिक आम्ल, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल, ते मिश्रण साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करायचे आणि वरून ब्युरेटमधले जांभळे परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचे. पहिल्या काही थेंबांचा रंग जाता जात नाही. मग अभिक्रियेतूनच तयार होणारे मँगनीजचे आयन उत्प्रेरकाचे काम करू लागतात आणि पुढचा प्रत्येक थेंब पडता क्षणी रंगहीन होतो. शेवटी एक थेंब असा येतो, की शंकुपात्र कितीही हलवले तरी फिकट गुलाबी छटा टिकून राहते. सल्फ्युरिक आम्ल कमी पडले असेल तर द्रावण तपकिरी आणि गढूळ होते. परमँगनेट इतके गडद असते, की ब्युरेटमध्ये त्याच्या पृष्ठभागाची खालची वक्र कड दिसतच नाही, म्हणून वाचन वरच्या कडेवरून घ्यावे लागते. ज्या मुलीने हे एकदा स्वतःच्या हाताने केले, तिला स्वयंउत्प्रेरण (अभिक्रियेत तयार झालेल्या पदार्थानेच तिचा वेग वाढणे), रेडॉक्स अभिक्रिया, आम्लमाध्यमाची गरज आणि मोलॅरिटीचे गणित या चार गोष्टी निरनिराळ्या पाठ कराव्या लागत नाहीत. जिने फक्त जर्नल उतरवले, तिला त्या चारही पाठ कराव्या लागतात आणि परीक्षेनंतर एकही लक्षात राहत नाही.

ग्लासगो विद्यापीठातील रसायनशिक्षणाचे अभ्यासक ॲलेक्स जॉन्स्टन यांनी दाखवून दिले होते, की रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर समजावे लागते : डोळ्यांना दिसणारा बदल, डोळ्यांना न दिसणारे अणू-रेणू आणि कागदावरची चिन्हे व समीकरणे. आपल्या वर्गांत आज तिसरी पातळी तेवढी शिकवली जाते. निळ्या मोरचुदाच्या द्रावणात बुडवलेल्या लोखंडी खिळ्यावर तांबूस थर चढलेला आणि द्रावणाचा निळा रंग फिका होत गेलेला ज्याने पाहिलेला नाही, त्याच्यासाठी विस्थापन अभिक्रिया म्हणजे बाणाच्या दोन्ही बाजूंची अक्षरे असतात. समीकरण संतुलित करताना अशी मुले अंदाजाने आकडे टाकतात, मोलची गणिते सोडून देतात आणि कार्बनी रसायनापर्यंत पोहोचेस्तोवर हा विषय आपल्याला जमणार नाही असे ठरवून मोकळी होतात. लेखी पेपरातील त्यांच्या अपयशाचे मूळ बहुतेक वेळा येथे असते. केवळ साहित्य हाताळले म्हणून आकलन वाढते, असा माझा दावा नाही. कृती वाचून दाखवायची, मुलांनी ती यांत्रिकपणे उरकायची आणि अपेक्षित निष्कर्ष लिहून टाकायचा, अशा प्रयोगातूनही हाती फारसे लागत नाही. काय होईल याचा अंदाज आधी बांधायचा, मग पाहायचे आणि जे दिसले ते का दिसले यावर बोलायचे, असा प्रयोग हवा. त्याला वेळ लागतो आणि तयारीचा शिक्षक लागतो. पुढील तक्रारी या दोन्ही गोष्टींशी संबंधित आहेत.

पहिली तक्रार मूल्यमापनाची आहे आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत गंभीर आहे. शाळेच्या हातातील गुण निकालावर काय परिणाम करतात, हे मंडळाने स्वतः पाहिलेले आहे. २०१८-१९ या वर्षी दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळास्तरावरील २० गुण बंद केले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी पाठ्यपुस्तकेही नवी होती, त्यामुळे सगळी घट त्या २० गुणांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. तरीही पुढच्याच वर्षी ते गुण परत आणले गेले, ते देण्याची पद्धत मात्र सुधारली नाही. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे गुण त्या वर्षीही शाळेकडेच होते, आजही आहेत आणि त्यांची पडताळणी कोणीही करत नाही. बारावीला बहिःस्थ परीक्षक नेमला जातो खरा; पण एका दिवसात अनेक बॅचेस उरकायच्या असतात, केंद्राचा निकाल बिघडू नये अशी सौजन्याने केलेली विनंती असते आणि कमी गुण दिले तर त्याचा जाब परीक्षकालाच विचारला जाईल, ही धास्तीही असते. प्रामाणिक परीक्षकाच्या पाठीशी मंडळ उभे राहते, असा अनुभव माझ्या ओळखीतल्या एकाही शिक्षकाला नाही.

यंदाच्या परीक्षेत पाहिलेली एक गोष्ट येथे नोंदवते. क्षारपृथक्करणात, म्हणजे दिलेला क्षार कोणता हे ओळखण्याच्या प्रयोगात, एका मुलीला नायट्रेट असलेला क्षार आला होता. तिने रिंग टेस्ट केली. परीक्षानळीत क्षाराचे द्रावण आणि फेरस सल्फेट घेतले, नळी तिरकी धरून कडेने अगदी हळू संहत सल्फ्युरिक आम्ल सोडले. हात स्थिर होता, पद्धत निर्दोष होती. दोन द्रवांच्या सीमेवर तपकिरी कडे दिसायला हवे होते, ते दिसले नाही. कारण टेबलावरचे फेरस सल्फेटचे द्रावण ताजे नव्हते. केव्हातरी करून ठेवलेल्या त्या द्रावणाचे हवेने ऑक्सिडीकरण होऊन ते पिवळट झाले होते. त्या मुलीने शेजारच्या बाकांकडे पाहिले. तेथे सर्वांनी ‘तपकिरी कडे दिसले’ असे लिहिले होते, कारण कोणता क्षार कोणत्या क्रमांकाच्या बाटलीत आहे हे आदल्या दिवशीच सांगितलेले होते. तिनेही तेच लिहिले. जे पाहिले ते लिहायचे, हा विज्ञानाचा पहिला संस्कार. आपल्या प्रयोगशाळेत ती मुलगी नेमके त्याच्या उलट शिकली आणि त्यासाठी तिला गुण मिळावेत अशी व्यवस्था आपण उभी केली आहे. जर्नलांचे तर सांगायलाच नको. वर्षभर न झालेल्या प्रयोगांची निरीक्षणे जानेवारीत एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरतात, ब्युरेटची वाचने सगळ्या वर्गाची दशांशापर्यंत सारखी येतात आणि त्यावर सही व शिक्का पडतो.

दुसरी तक्रार माणसांची. प्रयोगशाळा सहायक आणि प्रयोगशाळा परिचर यांच्याशिवाय रसायनशास्त्राची प्रयोगशाळा चालत नाही. द्रावणे करणे, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणे, काचसामान धुणे, आम्लांचा साठा सांभाळणे, बॅच सुरू होण्यापूर्वी टेबले मांडणे ही कामे तास चालू असताना शिक्षकाने करायची नसतात. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणीची पदे रिक्त होतील तशी व्यपगत करून त्यांच्या जागी ठोक भत्ता देण्याचा निर्णय घेतला. परिचर निवृत्त झाला की ती जागा पुन्हा भरली जात नाही. भत्त्यावर आलेला माणूस शाळेची घंटा वाजवील, आवार झाडील. पण संहत आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधीही नाही, हे माहीत असलेला प्रशिक्षित माणूस त्या रकमेत मिळत नाही. शिक्षकांच्या रिक्त जागा आणि निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची अशैक्षणिक कामे यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एवढेच म्हणते, की शिक्षक दुसऱ्या कामावर गेला की सर्वांत आधी रद्द होतो तो प्रात्यक्षिकाचा तास.

तिसरी तक्रार पैशांची. रसायने वापरली की संपतात आणि न वापरता ठेवली तरी खराब होतात, म्हणजेच प्रयोगशाळेला दर वर्षी खर्च लागतो. वेतनेतर अनुदान उशिरा येते आणि आले की वीजबिलात व दुरुस्तीत जाते. सिल्व्हर नायट्रेट महाग, म्हणून ती लहानशी तपकिरी बाटली मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवलेली मी एका शाळेत पाहिली आहे. त्याच रसायनाने करायची क्लोराइडची परीक्षा तेथे फळ्यावर होत होती. राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानातून आणि पुढे समग्र शिक्षेतून विज्ञानाच्या खोल्या बांधल्या गेल्या, त्याबद्दल समाधान आहे. परंतु खोली बांधण्याचा निधी एकदा मिळतो, ती चालवण्याचा निधी मिळत नाही. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, तेथे त्रिमिती छपाईचे यंत्र येते, रोबोटचे सुटे भाग येतात. ते यावेतच. पण त्याच शाळेत भिंतीपलीकडच्या खोलीत ब्युरेटच्या तोट्या गळत असतात आणि बॅचमधल्या मुलांना मिळून एकच चालू स्पिरिटचा दिवा असतो. युडायसच्या, म्हणजे शाळांच्या शासकीय माहितीसंचाच्या, नोंदीत प्रयोगशाळा आहे का आणि तिच्यात साहित्य आहे का, हे शाळाच भरून देते. या वर्षी तेथे कोणते प्रयोग झाले, ते कोणी केले, याची विचारणा मात्र कोणीही करत नाही.

चौथी तक्रार, वेळापत्रकाची, थोडक्यात सांगते. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या एका तासात प्रयोग मांडून, करून, त्यावर बोलून आवरणे शक्य नाही. त्यासाठी जोडतास लागतो आणि दहावीच्या वेळापत्रकातून तो नाहीसा झाला आहे. अकरावी-बारावीची अवस्था आणखी वाईट आहे. खासगी क्लासशी करार केलेल्या ‘इंटिग्रेटेड’ कनिष्ठ महाविद्यालयांत नाव एका ठिकाणी आणि शिक्षण दुसऱ्या ठिकाणी अशी पद्धत पडली आहे. तिला आळा घालण्यासाठी २०१८ मध्ये आपल्याच विभागाने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय घेतला. त्याची अंमलबजावणी पुढे किती ठिकाणी टिकली, हे विभागानेच जनतेला सांगावे. एमएचटी-सीईटी आणि नीट या परीक्षांत प्रात्यक्षिक नाही, म्हणून ते अनावश्यक आहे, असे पालक मला सांगतात. त्यांना दोष देता येत नाही. पण नीट आणि जेईई मेन या दोन्हींच्या अभ्यासक्रमात आता प्रात्यक्षिक रसायनशास्त्राची तत्त्वे असा स्वतंत्र घटक आहे, आणि ती तत्त्वेही आमची मुले मोबाइलवर चित्रफिती पाहून पाठ करतात.

यात सुरक्षिततेचाही भाग आहे. चष्मे नाहीत, वायू बाहेर खेचणारी सोय नाही, अग्निशामकाची मुदत उलटलेली असते आणि डोळ्यांत आम्ल उडाले तर धुण्यासाठी जवळ नळ नसतो. अशा खोलीत मुलांना प्रयोग करू न देण्याचा शिक्षकाचा निर्णय मी चुकीचा म्हणू शकत नाही. याच मुलांपैकी काही जण उद्या तारापूर, रोहा, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ येथील रासायनिक कारखान्यांत कामाला लागतील. १९३३ मध्ये मुंबईत रासायनिक तंत्रज्ञानाचे महत्त्वाचे शिक्षण सुरू झाले, १९५० मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली आणि या उद्योगाने राज्याला मोठे केले. त्या राज्यातील मुलाच्या हातात आम्लाची बाटली पहिल्यांदा कारखान्याच्या पाळीत यावी, ही गोष्ट चिंतेची आहे.

हे बदलणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. गावातील साध्या शाळांत स्वस्त संचातून मुलांनी स्वतः प्रयोग केले, परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाची खरी परीक्षा होत होती. २००२ मध्ये शासनाने तो कार्यक्रम बंद केला, पण तीस वर्षे तो चालला, हे विसरता येत नाही. आपल्या मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून हेच काम करते आहे. २००१ चे आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाड, ज्यात प्रात्यक्षिकाची दीर्घ परीक्षा असते, मुंबईत पार पडले. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा घेतली जाते. निवडक मुलांसाठी जे जमते ते सर्वांसाठी जमवायचे, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी सूक्ष्म प्रमाणातील रसायनशास्त्राची पद्धत उपलब्ध आहे, जिचा युनेस्कोने अनेक देशांत प्रसार केला : खळगे असलेली प्लॅस्टिकची पट्टी, ड्रॉपर आणि परीक्षानळीभर द्रावणाऐवजी काही थेंब. रसायन कमी लागते, सांडपाणी कमी होते, अपघाताचा धोका घटतो आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा प्रयोग मिळतो. सिल्व्हर नायट्रेटची बाटली कपाटातून बाहेर काढण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. दहावीच्या विज्ञान प्रात्यक्षिकाची आणि बारावीच्या रसायनशास्त्र प्रात्यक्षिकाची मंडळाने नमुना पडताळणी करावी. प्रत्येक विभागीय मंडळाने दर वर्षी काही केंद्रे आधी न कळवता निवडावीत, तेथील विद्यार्थ्यांना एक साधा प्रयोग पुन्हा करायला द्यावा आणि शाळेने दिलेल्या गुणांशी तो ताडून पाहावा. मोठी तफावत आढळल्यास विद्यार्थ्यांना शिक्षा नको. शाळेकडून खुलासा घ्यावा आणि शिक्षकांना मदत द्यावी.

२. खोट्या निरीक्षणाला गुण देऊ नयेत आणि चुकलेल्या पण प्रामाणिक निरीक्षणाला द्यावेत, असे स्पष्ट शब्दांत गुणदान योजनेत लिहावे. रिंग आली नाही असे लिहून त्याची शक्य कारणे सांगणारा विद्यार्थी पूर्ण गुणांना पात्र आहे. कमी गुण देणाऱ्या परीक्षकाला संरक्षण द्यावे.

३. प्रयोगशाळा परिचरांची पदे ठोक भत्त्याच्या निर्णयातून वगळावीत आणि सहायक व परिचर या दोन्हींच्या रिक्त जागा भराव्यात.

४. वेतनेतर अनुदानापासून वेगळा, फक्त रसायने, काचसामान आणि सुरक्षा साहित्यासाठीचा निधी विद्यार्थिसंख्येनुसार जूनपूर्वी द्यावा आणि त्याचा खर्च शाळेच्या फलकावर लावावा. सूक्ष्म प्रमाणातील प्रयोगांचे संच आधी आदिवासी आणि दुष्काळी तालुक्यांतील शाळांना पुरवावेत.

५. नववी ते बारावी आठवड्यातून किमान एक जोडतास प्रात्यक्षिकासाठी सक्तीचा करावा आणि बॅच वीस-पंचवीस मुलांच्या वर जाऊ देऊ नये. ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीने चालणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयांना प्रात्यक्षिकाची प्रत्यक्ष हजेरी सिद्ध केल्याशिवाय परीक्षा केंद्र देऊ नये.

६. प्रत्येक शाळेने वर्षभरात झालेल्या प्रयोगांची दिनांकवार यादी पालकसभेत वाचून दाखवावी.

यांतील पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या मागणीला जवळजवळ पैसा लागत नाही. मंडळाचे एक परिपत्रक पुरेसे आहे. उरलेल्या तिन्हींना पैसा आणि अंदाजपत्रकात तरतूद लागेल, याची मला जाणीव आहे, आणि म्हणूनच हे पत्र मंडळाबरोबर मंत्रिमहोदयांनाही लिहिले आहे. पालकांना विनंती, की मुलाच्या प्रात्यक्षिकाचे गुण विचारण्याआधी त्याला या वर्षी कोणता प्रयोग स्वतः केलास, असे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर शाळेत जाऊन तोच प्रश्न करावा.

वरील मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, हे विभागाने व मंडळाने नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी लेखी जाहीर करावे. नमुना पडताळणीचा आराखडा तयार करण्याचे काम असो की सूक्ष्म प्रयोगांचे शिक्षक प्रशिक्षण असो, माझ्यासारखे अनेक शिक्षक सुटीत येऊन ते विनामोबदला करायला तयार आहेत.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका
जि. सोलापूर